दाजी, तक्रार का नाही केलीत?

दाजी,

परवा मी तानाजीला पाचव्यांदा तेच विचारलं. किती मिनिटं गेली? आणि पाचव्यांदा तो मान खाली घालून म्हणाला, "दोन मिन्टं, पाव्हणं. लय झालं तर तीन." अक्का म्हणते पाच. मी दोघांचंही ऐकतो, साताऱ्याला परत जातो, आणि दोन दिवसांनी पुन्हा तासगावची वाट धरतो. तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले, त्यात मी चौथ्यांदा तुमच्या दारात उभा होतो. शिरवळच्या कारखान्यात माझं काम हेच आहे. गाडीचा एखादा सुटा भाग का निकामी झाला, त्याच्या मागे काय होतं, त्याच्याही मागे काय होतं, असं शेवटच्या कारणापर्यंत विचारत जायचं. पण तिथं समोर टेबलावर लोखंडाचा तुकडा असतो. इथं तुम्ही आहात. म्हणजे, नाही आहात.

त्या सकाळचं सगळं मला तोंडपाठ झालंय. तुम्ही बागेतून चक्कर मारून आलात, पायरीवर बसलात, अक्काला म्हणालात, "जरा पाणी आण गं," आणि ती तांब्या घेऊन येईपर्यंत एका अंगावर कललात. तिच्या हाकेनं शेजारचा तानाजी धावत आला. त्यानं तुम्हाला उचलून दारातल्या नव्या गाडीत मागच्या सीटवर ठेवलं. अक्कानं किल्ली दिली. त्यानं बटण दाबलं. समोरचे दिवे लागले, काटे थरथरले, आणि गाडी गप्प. पुन्हा दाबलं. किल्ली खिशातून काढून हातात धरली, ब्रेकवर जोर देऊन दाबलं. गप्प. शेवटी अक्काच ओरडली, "जीप काढ तानाजी, जीप काढ!" बेदाण्याच्या शेडमधून तुमची जुनी जीप आली, ती पहिल्याच फटक्याला चालू झाली होती. तुम्हाला पुन्हा उचललं, जीपमध्ये घातलं आणि मिरजेचा रस्ता धरला. डॉक्टरांनी सांगितलं, वाटेतच गेले.

मी डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, "एवढा मोठा झटका होता. दोन-पाच मिनिटांनी काही फरक पडला नसता." त्यांचा आवाज फार मायेचा होता. दाजी, मला तो आवाज ओळखीचा आहे. एखादा ग्राहक चिडून कारखान्यात येतो तेव्हा मीही त्याच आवाजात बोलतो.

कारण ती नवी गाडी मी निवडलेली होती.

आपल्या भांडणाला वीस वर्षं तरी झाली असतील. भाऊबीजेला मी तुमच्याकडे यायचो, अक्का ओवाळायची, आणि ताट आत जायच्या आधीच तुम्ही सुरू व्हायचात. "काय पाव्हणं, औंदा तुमच्या यादीत आमची गाडी कितवी?" त्या यादीचं वेड मला नोकरीतून लागलं. कुठली गाडी किती वेळा बंद पडते, कुठल्या गाडीच्या मालकांच्या तक्रारी कमी, हे दरवर्षी कुणी ना कुणी मालकांना विचारून छापतं. मी ते फोनमध्ये साठवून ठेवायचो आणि तुमच्यापुढे धरायचो. तुमच्या कंपनीची जीप त्यात कायम तळाशी. कंपन्यांची नावं आपण कधी घेतली नाहीत. 'तुमची कंपनी' आणि 'माझी कंपनी', असंच बोलायचो, जणू दोघांच्याही वडिलांनी कारखाने काढले होते.

लष्करातून ड्रायव्हर म्हणून निवृत्त होऊन आलात तेव्हा तुम्ही पहिली जीप घेतलीत. मग त्याच कंपनीची दुसरी. मग तिसरी. मी म्हणायचो, "दाजी, हजारो मालकांनी सांगितलेलं आहे हे. एका माणसाचा हट्ट मोठा की सगळ्यांचा अनुभव?" तुम्ही म्हणायचात, "हजारो मालक माझ्या बागेत आल्ते का रं चिखलात?" आणि एकदा तुम्ही मला चांगलंच पकडलंत. म्हणालात, "तूबी तिसरी घेतलीस की त्याच कंपनीची." मी म्हटलं, ती यादीत वर आहे म्हणून. "आन् खाली गेली तर?" तुम्ही विचारलंत. त्याच्या आदल्याच वर्षी ती खाली गेली होती. मी काय उत्तर दिलं आठवतं? म्हटलं, यंदा यादी करायची त्यांची पद्धत बदलली आहे. तुम्ही एवढे हसलात, एवढे हसलात, की अक्का आतून बघायला आली.

महाबळेश्वरची ती सहल तर मी कारखान्यात अनेकांना सांगितली आहे, तुमची फजिती म्हणून. भर पावसात मेढ्याकडून घाट चढत होतो. पुढं दहा हातांवरचं दिसेना आणि जीपचा वायपर बंद पडला. मी लगेच म्हटलं, "बघा!" तुम्ही शांतपणे सीटखालून सुतळी काढलीत, वायपरला दोन्हीकडून बांधलीत, एक टोक स्वतःच्या हातात घेतलंत आणि दुसरं माझ्या खिडकीतून माझ्या हातात दिलंत. "तू वड, मग मी वडतो." पाऊण तास आपण दोघं आळीपाळीनं सुतळी ओढत होतो. माझा डावा हात खांद्यापर्यंत भिजून बधिर झाला. वर पोचल्यावर तुम्ही इंजिन बंद केलंत आणि म्हणालात, "बघ, वायपर बंद पडला. गाडी न्हाई पडली." मी चिडलो होतो. त्या दिवशी गरम कणसं तुम्हीच आणून दिलीत, माझ्या हाताला शेक मिळावा म्हणून दोन दिलीत. सांगताना ही कणसं मी नेहमी गाळायचो.

तिथंच, कणीस खाता खाता, मी तुम्हाला एकदाचं खरं विचारलं होतं. "दाजी, ह्या डबड्यात तुम्ही बघितलंत तरी काय?" तुम्ही विचार करून बोललात. "लष्करात गाडी निवडता येत न्हाई रं आशोक. जी हातात दिली ती आपली. आपुन तिला शिव्या द्यायच्या. लय द्यायच्या. पर दुसऱ्यानं दिल्या तर ऐकून घ्यायच्या न्हाईत." मी म्हटलं, हे काही कारण झालं नाही. तुम्ही म्हणालात, "मग नसंल."

मग अक्काचे गुडघे गेले. एका लग्नात मी पाहिलं, जीपमध्ये चढायला तिच्यासाठी तुम्ही द्राक्षाचं क्रेट पालथं घातलं होतं. ती एक पाय त्यावर ठेवून दुसरा उचलू बघत होती आणि मांडवातले लोक बघत होते. माझ्या बहिणीला असं बघून माझं डोकं फिरलं. मी तुम्हाला बाजूला नेऊन नको ते बोललो. "तुमच्या हट्टापायी ती हाल सोसतेय. जीपवर प्रेम आहे की बायकोवर?" एवढं बोललो. मला वाटलं होतं, आता जुंपणार. तुम्ही क्रेट उचलून जीपमध्ये टाकलंत आणि म्हणालात, "बरं. तू म्हणशील ती घेऊ."

वीस वर्षांत पहिल्यांदा जिंकलो होतो, दाजी. सांगलीच्या शोरूममधून गाडी बाहेर काढली तेव्हा मी फोटो काढून नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'अखेर दाजी शहाणे झाले.' तुम्ही फोटोत हसताय. आणि तिथंच, शोरूमच्या दारात, तुम्ही सवयीनं बॉनेट उघडायला गेलात, तर मी तुमचा हात धरला. "दाजी, हिचं बॉनेट आपण उघडायचं नाही. हात लावला की वॉरंटी गेली. काय असेल ते वर्कशॉपवाले बघतील." तुम्ही हात मागं घेतलात. म्हणालात, "म्हंजी घरातली असून परक्याची?" सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर दीड वर्ष दर रविवारी मी फोन करायचो आणि अक्काच्या आधी गाडीची चौकशी करायचो. "गाडी कशी आहे?" "झकास." "बघा, म्हटलं होतं ना?" "व्हय बाबा, म्हणला हुतास." एवढ्यावर तुम्ही विषय बदलायचात. मला वाटायचं, हरलेला माणूस विषय बदलतो.

परवा तानाजीला पाचव्यांदा मिनिटं विचारली, तेव्हा तो बिचारा कंटाळून बोलून गेला, "आवं पाव्हणं, कशाला जिवाला लावून घेताय? ती गाडी तशी आदीबी तीनदा रुसली हुती."

मी म्हटलं, "तीनदा?"

त्यानं जीभ चावली. अक्काकडं बघितलं. अक्का पायरीवर बसली होती, तुमच्याच जागी. ती म्हणाली, "सांग आता. ऱ्हायलंय काय लपवायचं."

मग मला कळलं, दाजी. पहिल्यांदा सांगलीत बाजारात बंद पडली आणि क्रेननं न्यावी लागली. दुसऱ्यांदा इस्लामपूरच्या रस्त्यावर, लग्नाला निघाला होतात, तुम्ही दोघं उसाच्या ट्रॅक्टरवरून पुढं गेलात, आणि अक्काला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवायला चार माणसं लागली. दोन्ही वेळेला वर्कशॉपवाल्यांनी नवी बॅटरी घातली आणि गाडी ठीक आहे म्हणून परत दिली. तिसऱ्यांदा घरच्या दारातच बसली. तेव्हा तुम्ही क्रेन बोलावली नाहीत. तुम्ही तिला जीपमागं दोर बांधून तासगावच्या वर्कशॉपपर्यंत ओढत नेलंत. तळाची गाडी पुढं, यादीत वरची मागं. तानाजी नव्या गाडीच्या स्टिअरिंगवर. वाटेत लोक टाळ्या वाजवत होते म्हणे.

तानाजी म्हणाला, "म्या फोटू काढला हुता. म्हणलं, पाव्हण्यास्नी धाडू, गंमत. तर दादानी गाडी हुबी केली, खाली उतरलं आन् फोटू पुसायला लावला. म्हणलं, 'त्याला ह्यातलं कळता कामा नये.'"

त्या एका फोटोनं वीस वर्षांचं भांडण तुम्ही जिंकला असतात. भाऊबीजेला माझ्यापुढे धरला असतात तर मी तोंड कुठं लपवलं असतं कुणास ठाऊक. आणि मी असतो ना तुमच्या जागी, तर फोटो मोठा करून भिंतीवर लावला असता. मला माहीत आहे मी कसा आहे. तुम्हालाही माहीत होतं. तरी पुसायला लावलात.

आणि अजून एक होतं. अक्कानं ते सांगताना माझ्याकडं पाहिलं नाही. मागं एकदा तुम्हाला फोन आला होता, गाड्यांच्या मालकांना प्रश्न विचारणाऱ्यांचा. तीच ती यादी करणारे, किंवा त्यांच्यासारखेच कुणी. दोन्ही गाड्यांचं विचारलं त्यांनी. अक्का तिथंच शेंगा निवडत बसली होती. जीपबद्दल तुम्ही म्हणालात, एकबी तक्रार न्हाई. तिचा वायपर आजही सुतळीवर चालेल अशा अवस्थेत आहे, पण ते ठीक, ते मला अपेक्षित होतं. मग नव्या गाडीचं विचारलं. तेव्हा तर तिला जीपमागं ओढून आठवडाही झाला नव्हता. तुम्ही म्हणालात, "तिचीबी एक तक्रार न्हाई."

"म्या म्हणलं," अक्का सांगत होती, "आवं, दोनदा क्रेननं नेली, एकदा वडत नेली, आन् तक्रार न्हाई? तर फोनवर हात धरून मलाच म्हणलं, 'आशोकनं निवडल्याली गाडी हाय. तिला मी नाव ठेवू व्हय?'"

मी तिथून उठलो आणि शेडमागं जाऊन उभा राहिलो. बेदाण्याच्या जाळ्या रिकाम्या होत्या. मला रडू आलं नाही. मला तुमचा राग आला. आजही येतोय, म्हणून लिहायला बसलोय. जिवंत माणसाशी भांडता येतं, तुमच्याशी आता कसं भांडू?

का नाही सांगितलंत? मी काही परका होतो? एक फोन केला असतात तर मी त्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसलो असतो, माझं कामच ते आहे, कारण सापडेपर्यंत उठलो नसतो. माझा मान राखायला तुम्ही गाडी तशीच दारात ठेवलीत, आणि त्या सकाळी... पुढचं मला लिहवत नाही. आणि ज्या याद्या मी तुमच्या तोंडावर मारत आलो, त्यात अशी किती माणसं असतील? कुणी मेहुण्यासाठी, कुणी बापानं घेतली म्हणून, कुणी स्वतःच्याच निवडीची लाज वाटून 'तक्रार नाही' म्हणणारी? मी त्याला अनुभव म्हणत होतो. हजारो लोकांचा अनुभव. त्यातला एक तर तुम्हीच होतात.

पण हे सगळं तुमच्यावर ढकलून मला मोकळं होता येत नाही. कारण परवाच दुपारी मी नव्या गाडीचं बॉनेट उघडलं.

वॉरंटीचं काय व्हायचं ते होवो म्हटलं. जीपच्या पेटीतून तुमचे पाने आणले. बॅटरी नवीकोरी होती. तिच्यापासून मी एकेक वायर हातानं चाचपत गेलो. बॅटरीची एक जाड वायर गाडीच्या अंगाला एका बोल्टनं जोडलेली असते, आम्ही तिला अर्थिंग म्हणतो. त्या बोल्टशी हात गेला आणि बोल्ट बोटानं फिरला. नुसत्या बोटानं, दाजी. काढून बघितला तर खाली हिरवट-पांढरा गंज. कधी जोड लागायचा, कधी सुटायचा. दिवे लागायला पुरेल एवढाच करंट, इंजिन फिरवायला नाही. तो भाग आमच्या कारखान्यात होतो का, हे मी आधी उलटून पाहिलं. होत नव्हता. सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटलं याची लगेच लाज वाटली.

पॉलिश पेपरनं घासला, दहा नंबरच्या पान्यानं आवळला. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात काम झालं. सतरा वर्षं लष्कराच्या गाड्या चालवलेला माणूस, रस्त्यात इंजिन उतरवून परत बसवणारा माणूस, त्याला हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. पहिल्यांदा बंद पडली तेव्हाच तुम्ही बॉनेट उघडून त्या वायरला हात घातला असतात. पण मी तुमचा हात धरला होता. आणि तुम्ही तो शब्द पाळलात. दीड वर्षं एकदाही बॉनेट उघडलं नाहीत, तानाजीला मी विचारलं. तो म्हणाला, "दादा नुसतं भवतीनं फिरायचं. हात मागं बांधून."

मी बटण दाबलं. चालू झाली. बंद केली, पुन्हा दाबलं. चालू. किती वेळा दाबलं मोजलं नाही. प्रत्येक वेळी ती निमूटपणे चालू होत होती आणि प्रत्येक वेळी मला वाटत होतं, आता ती सकाळ परत येईल, तानाजी तुम्हाला मागच्या सीटवर ठेवेल आणि ही चालू होईल. शेवटी अक्का बाहेर आली. हात पिठाचे होते. म्हणाली, "बास कर रं आशोक. आता कशाला?"

मी इंजिन बंद केलं.

ती म्हणाली, "तू ह्यांच्यावर रागावलायस. माझ्यावर बी रागाव मग. म्याबी लपवलं. ते म्हणायचं, त्यानं एवढ्या मायेनं घेतली तुझ्यासाठी, त्येला वाईट वाटंल. मला पटलं ते." मग म्हणाली, "आन् जीपनं न्हेलं त्यास्नी शेवटी. त्येंच्या जीपनं. ते असतं तर तुला तेवढं म्हणाल्याबिगर ऱ्हायलं नसतं."

खरं आहे. तेवढं तुम्ही म्हणाला असतात. मी ते ऐकायला आज काय वाटेल ते देईन.

दाजी, घाटातल्या कणसापाशी तुम्ही जे सांगितलंत, हातात दिलेली गाडी आपली म्हणून, ते मी तेव्हा गाडीबद्दल समजलो. तुम्ही कंपनीचे भक्त आहात, आंधळे आहात, असं मी लोकांना सांगत आलो. पण तुमची कंपनी सोडून माझ्या कंपनीची गाडी घ्यायला तुम्हाला क्रेट उचलण्याइतका वेळही लागला नाही. अक्काचे गुडघे तुमच्या हातात आले होते आणि तिचा आगाऊ भाऊही. मला तुम्ही शिव्या दिल्यात, वीस वर्षं दिल्यात. पण दुसऱ्या कुणाला, अगदी फोनवरच्या अनोळखी माणसालासुद्धा, माझ्या निवडीला नाव ठेवू दिलं नाहीत. ह्यासाठी तुमचे उपकार मानू की ह्यासाठी तुमच्याशी उभा दावा मांडू, हे मला ठरवता येत नाही. एका तासात दोन्ही वाटतं. रात्री झोप लागते, सकाळी साडेसहाला जाग येते, आणि दोन की पाच, दोन की पाच, हे सुरू होतं. डॉक्टरांचं खरं असेलही. ते मला कधीच कळणार नाही, आणि त्याच्यासोबत राहायला मला अजून जमत नाही.

काल अक्काला साताऱ्याला घेऊन आलो, चार दिवस माझ्याकडं राहू दे म्हणून. नव्या गाडीतूनच. ती म्हणाली होती, जीपमध्ये चढवत नाही. तानाजीनं जीप धुऊन शेडमध्ये लावली. निघताना मी बटण दाबलं. चालू झाली.

कराडपर्यंत मी एकदाही इंजिन बंद केलं नाही. पेट्रोल भरायचं होतं, तेही पुढं ढकललं. नजर सारखी दिव्यांवर. मागं अक्का खिडकीला डोकं टेकून बसली होती, मला वाटलं झोपली. हायवेला लागलो तशी ती म्हणाली, "गाडी चांगली हाय रं आशोक."

तुमचाच आवाज वाटला मला तो. 'झकास'सारखाच. आता ह्या गाडीबद्दल कुणी चांगलं बोललं की ते खरं आहे की माझ्यासाठी आहे, हे मला जन्मात कळणार नाही, असं वाटलं. उंब्रजच्या अलीकडं मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मुद्दाम केलं. मागं वळून म्हटलं, "अक्का, माझी शपथ आहे तुला. खरं सांग."

"काय खरं?"

"गाडी कशी आहे ते."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "खरं सांगू? मागची शीट कमरंला टोचतिया. आन् त्यो गार वारा नीट माझ्या गुडघ्यावर येतोय. पयल्या दिसापास्नं येतोय."

"मग दीड वर्षं बोलली का नाहीस?"

"ह्यास्नी बोलले हुते. ते म्हणलं, गप बस." आणि तिला हसू आलं. बावीस दिवसांत पहिल्यांदा. हसता हसताच तिनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मी उतरून मागचं दार उघडलं. माझी शाल घडी करून तिच्या कमरेमागं दिली. हवेची झडप वर वळवली. ती डोळे पुसून जरा सरकून बसली.

"आता?"

"आता बरं हाय," ती म्हणाली, आणि ते मी खरं धरलं.

मग मी बटण दाबलं, गाडी चालू झाली, आणि साताऱ्यापर्यंत अक्का थांबली नाही. दार लय जड आहे. काच खाली घ्यायचं बटण हाताला सापडत नाही. खड्ड्यातून गेली की मागं काहीतरी खडखडतंय. हॉर्न अगदी शेळीसारखा आहे. आणि रंग, रंग तर तिला कधीच आवडला नव्हता, पण आपण दोघांनी तिला विचारलंच कुठं होतं. एकेक आठवून सांगत होती. तुमच्या वाटणीच्याही तक्रारी त्यात असणार, दाजी. मी मध्ये एकदाही बोललो नाही.